आईबाबांच्या बॅगेत भाकर किती द्यायची?

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आईवडील दिग्रसजवळच्या खेड्यात राहतात, वडील ६६ चे, आई ६१ ची. तुम्ही पुण्यात बसून त्यांची पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली अशी नऊ दिवसांची ग्रुप टूर बुक केली, मेच्या शेवटची. वडिलांना शुगर आहे, दोन्ही वेळ ज्वारीची भाकर लागते आणि दिवसाला चार-पाच खर्रे, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेल्या पुड्या. आई माळकरी. तुम्ही विचारता, सोबत किती खायचं द्यावं, आणि बाबा तिकडे वैतागले तर पैसे पाण्यात का?

माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी मूळचा आचारी, गाव आर्वीकडचं. लग्नाच्या पंगती करता करता एका टूरवाल्यासोबत स्वयंपाक्या म्हणून परदेशी गेलो, पुढे स्वतःच आपल्या भागातले कास्तकार, निवृत्त गुरुजी, त्यांच्या घरच्या बाया यांना घेऊन जाऊ लागलो. या कामाला आता वीस वर्षं झाली. इंग्रजी अजूनही कामापुरतंच येतं.

तुमचा प्रश्न भाकरीचा वाटतो, पण माझ्या अनुभवात पहिल्या तीन दिवसांतली नव्वद टक्के भांडणं भाकरीवरून होत नाहीत, घड्याळावरून होतात. हिशेब करून पाहा. उन्हाळ्यात तिकडची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. तुमचे बाबा घरी सकाळी आठला न्याहारी करत असतील, तर त्यांचं पोट तिकडे पहाटे साडेचारला जागं होणार. हॉटेलचा नाश्ता सात वाजता. रात्री आठला जेवत असतील, तर पोट मागणार दुपारी साडेचारला, आणि टूरचं जेवण सात-साडेसातला, म्हणजे आपल्याकडचे साडेदहा-अकरा. माणूस अडीच-अडीच तास उपाशी बसतो, शुगरवाला असेल तर हातपाय कापतात, आणि मग समोर आलेल्या ताटावर राग निघतो. "हे काय जेवण हाय का?" ते जेवण बरंच असतं बरेचदा. भूक मरून गेलेली असते.

म्हणून मी माझ्या लोकांना 'दोन साडेचार' सांभाळा म्हणतो. पहाटेचे साडेचार आणि दुपारचे साडेचार. सोबतचं खाणं या दोन वेळांपुरतं. नऊ दिवसांचं जेवण घरून नेता येत नाही, नेऊ पण नये. मी माणशी दोन किलोवर एक पसाही जास्त नेऊ देत नाही. बायका ऐकत नाहीत, ते वेगळं.

आता काय द्यायचं ते आचारी म्हणून सांगतो. भाकर दुसऱ्या दिवशी वातड होते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते, म्हणून ताजी भाकर फक्त प्रवासाच्या दिवसापुरती. सोलापूरकडे कडक भाकरी मिळते, पापडासारखी वाळवलेली. पुण्यातही सहज मिळते, ती दोन पुडे द्या. संध्याकाळच्या गरम वरणात कुस्करली की बाबांच्या तोंडाला ज्वारी लागते, तेवढं बास असतं. पोहे कोरडे भाजून घ्या, त्यात आधीच केलेली फोडणी, शेंगदाणे, मीठ, तिखट, चिमूटभर साखर मिसळून पुड्या बांधा. एका वाटीला पाऊण वाटी उकळतं पाणी, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. तर्री नाही मिळणार, पण तर्री पोह्यांची आठवण भागते. बेसनाचंही तसंच: तेलावर खमंग भाजा, अगदी रंग बदलेपर्यंत, तिखटमीठ, जिरं, ओवा घाला. वर उकळतं पाणी ओतून घोटलं की पिठल्याच्या जवळपास जातं. कच्चं राहिलं तर पोट धरून बसतील, म्हणून भाजण्यात घाई नको. सातूचं पीठ द्या, पहाटेसाठी त्याच्याइतकं सोपं काही नाही; बाबांसाठी गूळ न घालता मीठ-जिऱ्याचं. जवसाची चटणी, तिळाची चटणी, दोन्ही कोरड्या.

ठेचा मात्र नको. मला माहीत आहे हे वाक्य घरात कसं घेतलं जाईल. पण माझ्या दुसऱ्याच टूरला मी बारा जणांचा ठेचा, लोणचं, चिवडा सगळा एकाच मोठ्या बॅगेत भरला होता, सोय म्हणून. ती बॅग मधल्या विमानतळावर राहिली आणि चौथ्या दिवशी आली. आली तेव्हा ठेच्याची बरणी फुटलेली, एका गुरुजींचा पांढरा सदरा हिरवागार. तीन दिवस बारा माणसं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मी विसरलो नाही. तेव्हापासून नियम: खाणं प्रत्येक बॅगेत थोडं थोडं, आणि पहिल्या दिवसापुरतं कोरडं खाणं हातातल्या पिशवीत. लोणचं हातातल्या सामानात चालत नाही, ते मोठ्या बॅगेत, दुहेरी पिशवीत.

काही वस्तू घरून निघतानाच काढून ठेवा. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाला नेता येत नाहीत, स्वित्झर्लंडचंही तसंच. म्हणजे साजूक तुपाची बरणी, पेढे, खवा, पनीर घरीच. तूप लागलंच तर लोणी तिकडे पैशाला पासरी आहे. ताजी फळं-भाज्या पण नकोत. केळी, नारळ, अननस, खजूर असे मोजके अपवाद आहेत, संत्री त्यात नाहीत. नागपुरी संत्री सोबत न्यायचा हट्ट मी दरवेळी मोडतो आणि दरवेळी शिव्या खातो. सुक्या खोबऱ्याची वाटी तर मोठ्या बॅगेत विमानवालेच घेत नाहीत, तेलामुळे ती तापून पेट घेऊ शकते म्हणून.

आणि खसखस. हे आपल्या भागात कोणी सांगत नाही म्हणून वेगळं सांगतो. दुबई, अबू धाबी, सौदी, सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांत मोजतात. आपल्या सावजी मसाल्यात खसखस असते, डिंकाच्या लाडवात असते, खिरापतीत असते. घरच्या लाडवांनी माणूस अडचणीत येऊ शकतो. तिकीट कुठून जातं त्यावर हे अवलंबून आहे, पण मी तर सरळ खसखशीशिवायचाच मसाला करून घेतो.

आता खर्रा. तुम्ही प्रश्नात ते एका ओळीत उरकलं, पण माझ्या मते बाबांच्या चिडचिडीचं अर्धं उत्तर तिथे आहे. दिवसाला पाच खर्रे खाणारा माणूस विमानात बसला की आठ-दहा तास कोरडा. दुसऱ्या दिवशी डोकं दुखतं, झोप येत नाही, बायकोवर ओरडतो, आणि घरच्यांना वाटतं की जेवण मानवत नाही. मी कितीतरी काकूंना हे समजावलंय की काकांना भूक लागलेली नाही, तंबाखू लागलेली आहे. इटलीत रस्त्यावर थुंकलं तर दंड होऊ शकतो, बसमध्ये तर विचारूच नका. जाण्याआधी महिनाभर डॉक्टरांशी बोला, हळूहळू कमी करणं किंवा निकोटिनच्या गोळ्या, ते डॉक्टर ठरवतील. शुगरच्या गोळ्यांच्या वेळाही त्यांनाच विचारून कागदावर लिहून घ्या, घड्याळ साडेतीन तास सरकलं की कोणती गोळी कधी. खिशात चार बिस्किटं आणि साखरेची पुडी कायम.

विमानातल्या जेवणाचं एक फसवं प्रकरण आहे. तिकिटासोबत जेवण निवडताना 'हिंदू मील' दिसतं आणि आपली माणसं आनंदानं ते निवडतात. ते मांसाहारी असतं! फक्त त्यात गोमांस नसतं. आईसाठी एशियन किंवा हिंदू व्हेजिटेरियन निवडा, ज्याचा कोड एव्हीएमएल. कांदा-लसूणही नको असेल तर जैन शाकाहारी, व्हीजेएमएल. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर उकडलेल्या भाज्या आणि थंड ब्रेड येतो. हे सगळं उड्डाणाच्या निदान दोन दिवस आधी नोंदवायचं, आणि जाताना-येताना दोन्हीकडचं.

आईची मला तशी कमी काळजी वाटते, कारण माळ घातलेल्या माणसाला नाही म्हणायची सवय असते. आणि पूर्वेकडे गेलात तर त्यांना आपली माणसं पण भेटतात. थायलंडमध्ये वर्षातून नऊ दिवस पिवळ्या झेंड्यांवर लाल अक्षरं लावून दुकानं 'जे' जेवण विकतात, त्यात मांस-मासे नाहीत आणि लसूण-कांदाही नाही. व्हिएतनाममध्ये बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी 'चाय' म्हणजे शाकाहारी जेवतात, आपल्या महिन्यातल्या दोन एकादश्यांसारखंच. जपानमध्ये बौद्ध मठांच्या जेवणात कांदा-लसूण वर्ज्य. पण त्याच जपानमध्ये साध्या हॉटेलात पहिल्यांदा मिसो सूप आलं, तेव्हा आमच्या दोन माळकरी काकूंनी "वरण हाय, मस्त हाय" म्हणत वाट्या रिकाम्या केल्या. त्याचं पाणी बहुतेक ठिकाणी सुकवलेल्या माशाच्या कात्रणांचं असतं हे मला माहीत होतं, पण मी टेबलापाशी उशिरा पोचलो. सांगावं की गप बसावं? त्या रात्री मी सांगितलं. एक काकू रडल्या, दुसऱ्या म्हणाल्या, "बावा, पुढच्या येळी आधी येजो." तेव्हापासून ताट लागायच्या आधी मी स्वयंपाकघरात असतो.

युरोपात अडचण ही की 'व्हेज' म्हणजे दिसणारं मांस नाही, एवढंच कित्येकांना कळतं. अंडं चालतंच असं धरतात. पॅरिसमधलं कांद्याचं सूप परंपरेनं गाईच्या हाडामांसाच्या पाण्यात करतात. इटलीत रिसोटो म्हणजे भाताचा प्रकार, तोही बरेचदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. म्हणून 'व्हेज' एवढंच न सांगता चार गोष्टी मोजून सांगायच्या: मांस नाही, मासा नाही, अंडं नाही, मांसाचं पाणी नाही. इटालियनमध्ये 'सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा उओवा, सेन्झा ब्रोदो दि कार्ने'. टूर मॅनेजरकडून हे फ्रेंच, जर्मन, इटालियन अशा तिन्ही भाषांत एका कार्डावर लिहून घ्या आणि आईच्या पर्समध्ये ठेवा. चीजचं मी एकदाच सांगतो आणि पुढचं ज्याच्या त्याच्यावर सोडतो: पारमेजान आणि ग्रुयेरसारखी जुनी चीजं विरजायला वासराच्या पोटातला पदार्थ वापरतात. काही माळकरी ते ऐकून चीज सोडतात, काही म्हणतात आता सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. एकादशी आली तर भगर आणि दाणे सोबत असू द्या. उकडलेला बटाटा, केळं, दही तिकडे कुठेही मिळतं.

रोजच्या जेवणासाठी माझा एक ठोकताळा आहे: तिथला गरीब कास्तकार काय खात होता ते शोधायचं. श्रीमंताचं जेवण सगळीकडे मांसाचं, गरिबाचं सगळीकडे डाळी-दाण्याचं. उत्तर इटलीत पोलेंता मिळते, ती म्हणजे मक्याच्या कण्याच. आपल्याकडे आजी ज्वारीच्या कण्या ताकात खायची, त्यांच्याकडे मक्याच्या. वर जवसाची चटणी भुरभुरली की वऱ्हाडी होऊन जाते. स्वित्झर्लंडमध्ये रोश्टी, किसलेल्या बटाट्याचं थालीपीठ समजा, फक्त त्यात डुकराचं मांस नको हे आधी सांगायचं. पुढे कधी जॉर्जियाला गेलात तर लोबियो म्हणजे रसरशीत राजमा, आणि सोबत मचादी, म्हणजे चक्क मक्याची भाकर. आमचा एक ग्रुप तिथे तीन दिवस दुसरं काही मागेना. इस्रायलला शेती पाहायला गेलेले कास्तकार तर हुमुस खाऊन म्हणाले, "हा आपलाच हरभरा, नुसता घोटला त्यायनं." तिथे आणखी एक सोय, दुधाच्या कोशर, म्हणजे ज्यू धर्माचे खाण्याचे नियम पाळणाऱ्या, हॉटेलात मांस शिजतच नाही. मात्र शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी सूर्य मावळेपर्यंत बहुतेक दुकानं बंद, हे माहीत नसल्यामुळे मी एकदा चाळीस माणसांना शनिवारी दुपारी मुरमुऱ्यांवर ठेवलंय.

टूरमध्ये ताटात 'इंडियन डिनर' असेल, त्यावर फार आशा ठेवू नका. बहुतेक ठिकाणी एकच लालसर गोड रस्सा, त्यात एक दिवस पनीर, एक दिवस बटाटा, आणि मैद्याचा नान. बाबांना गोड भाजीचा राग येणार. तिथे चटणीची डबी कामाला येते.

एक तक्रार ठरलेली असते: बस थांबवत नाहीत, जेवण लवकर देतात, चहाला पाच मिनिटं देत नाहीत. यात टूरवाला दरवेळी हरामखोर नसतो. युरोपात बस चालवणाऱ्याला साडेचार तास गाडी चालवली की पाऊण तास थांबावंच लागतं, दिवसाला साधारण नऊ तासच चालवता येतं, आणि रात्री अकरा तासांची सलग विश्रांती, काही दिवस ती नऊपर्यंत कमी करता येते. गाडीतलं यंत्र सगळं नोंदवतं आणि पोलीस ते तपासतात. सकाळी एखादं कुटुंब वीस मिनिटं उशिरा आलं की ती वीस मिनिटं संध्याकाळच्या जेवणातून जातात. हे मी पहिल्या दिवशी बसमध्ये माईकवर सांगतो. आपल्या एसटीत ड्रायव्हरला "जरा थांबा ना भाऊ" म्हणता येतं, इथे म्हणता येत नाही, एवढं बाबांना आधी कळलं तर पुष्कळ त्रास वाचतो. आणि मेच्या शेवटी तिकडे नऊ-साडेनऊपर्यंत उजेड असतो. सात वाजता उन्हात जेवायला बसवलं की आमचे लोक म्हणतात, "दिवेलागण तर होऊ दे."

पाण्याला पैसे पडतात म्हणूनही चिडतात. फ्रान्समध्ये हॉटेलात 'काराफ दो' म्हटलं की नळाचं पाणी सुरई भरून फुकट देतात. रोममध्ये रस्त्यावरचे वाहते नळ पिण्याचे. स्वित्झर्लंडमध्ये गावातल्या कारंज्याचं पाणी, जर वर 'काइन ट्रिंकवासर' अशी पाटी नसेल तर. रिकामी बाटली मात्र जवळ हवी, ती संडासातही उपयोगी पडते, कारण तिकडे पाण्याची सोय नसते. हे लाजून कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगून टाकतो. इटलीत बिलावर 'कोपेर्तो' दिसलं तर ती बसण्याची रक्कम असते, भांडू नका.

खोलीत किटली चालते, ती छोटी घरूनच द्या, कारण पॅरिस-इटलीच्या हॉटेलांत ती हमखास असतेच असं नाही. गोल जाड पिनांचा आपला प्लग तिकडे बसत नाही, अडॅप्टर हवा. इंडक्शन शेगडी देऊ नका. फोडणीचा धूर झाला की अलार्म वाजतो आणि सगळं हॉटेल रात्री चपलांवर रस्त्यात उभं राहतं.

आता बाबांना आवडेल का, याचं खरं उत्तर त्यांच्या स्वभावावर आहे, ते मला इथून सांगता येणार नाही. एकच गोष्ट सांगतो. तीन दिवस तोंड फुगवून बसलेले एक काका होते, कापूस-तुरीचे कास्तकार. आयफेल टॉवरकडे त्यांनी पाठ केली होती. स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळ बस थांबली तर शेजारच्या वावरात गवत कापणं चालू होतं, आणि गाई डोंगरावर न्यायची तयारी. काका कुंपणापाशी गेले ते अर्धा तास हलेनात. गाईच्या गळ्यातली घंटा पाहून म्हणाले, "पोळ्याले आपण बांधतो ना, तशीच." त्या शेतकऱ्याला मराठी येत नव्हतं, काकांना जर्मन येत नव्हतं, पण एका गाईचं दूध किती निघतं ते दोघांना समजलं. बसवाल्यानं आठ मिनिटं जास्त दिली. त्या दिवशी काका ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीत गेले, तिथलं भारतीय जेवण निमूट जेवले आणि परतीच्या गाडीत झोपले. तेव्हा टूर मॅनेजरला आधीच फोन करून सांगा, बाबांना कुठेतरी एक वावर दाखवा, एक गोठा दाखवा. ते फुकट आहे.

तुम्ही तिकीट कुठल्या गावावरून जातं ते लिहिलं नाही. मधला थांबा दुबई किंवा अबू धाबी असेल तर तेवढं कळवा, मग आईनं केलेल्या मसाल्याच्या डब्याचं काय करायचं ते सांगतो.